छातीतल्या ग्रंथीला पोटातल्या इन्सुलिनची ओळख कशी होते?

प्रश्न एका वडिलांचा आहे. त्यांच्या ७ वर्षांच्या मुलीला टाइप १ डायबेटिस झालाय. डॉक्टरांनी सांगितलं की तिच्याच प्रतिकारशक्तीने स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या. मग त्यांच्या वाचनात आलं की थायमस नावाची ग्रंथी प्रतिकारशक्तीच्या पेशींना आपलं आणि परकं यातला फरक शिकवते. त्यावर ते विचारतात: थायमस छातीत, स्वादुपिंड पोटात, छातीत वाढणाऱ्या पेशीला पोटातलं इन्सुलिन आपलं आहे हे कळतं कसं? आणि एवढी व्यवस्था असताना हे झालंच कसं? शेवटी एक ओळ आहे, ‘आमचं काही चुकलं का?’

शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देतो. नाही, तुमचं काहीही चुकलं नाही. गोड खाल्ल्याने, लस दिल्याने किंवा गरोदरपणात काही पाळायचं राहून गेल्याने हा आजार होत नाही. मी बालरोगतज्ज्ञ आहे, प्रतिकारशक्तीचे आजार असलेली मुलं वर्षानुवर्षं तपासतोय, आणि हा अपराधीपणा मनात घेऊन आलेले आईबाप मला सतत भेटतात. नुसता धीर देऊन तो जात नाही. शरीराच्या आत काय घडलं हे नीट समजलं की मात्र बराचसा ओसरतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थायमस छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या बाजूला असतो. मराठी विश्वकोशात त्याला यौवनलोपी ग्रंथी म्हटलंय. तान्ह्या बाळात तो शरीराच्या मानाने चांगलाच मोठा असतो. बाळाच्या एक्स-रेत हृदयालगत जी रुंद, कधी त्रिकोणी सावली दिसते ती त्याचीच. वयात आल्यावर तो आकसत जातो आणि त्याची जागा चरबी घेते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या निरोगी सावलीलाच डॉक्टर आजार समजले. झोपेत अचानक दगावलेल्या बाळांच्या शवविच्छेदनात थायमस ‘मोठा’ दिसे, म्हणून त्याने श्वासनलिका दाबली असा निष्कर्ष काढला गेला. खरी गोष्ट उलटी होती. विच्छेदनाला येणारे इतर मृतदेह दीर्घ आजार आणि उपासमार सोसलेल्या गरिबांचे असत, आणि अशा शरीरात थायमस झपाट्याने आकसतो. त्या आकसलेल्या थायमसला प्रमाण मानल्यामुळे धडधाकट बाळाचा थायमस मोठा वाटला. अमेरिकेत हजारो निरोगी बाळांच्या थायमसवर किरणांचे उपचार झाले आणि त्यातल्या अनेकांना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. उपासमारीचा थायमसवरचा परिणाम आजही तितकाच खरा आहे. मेळघाटात किंवा नंदुरबारकडे तीव्र कुपोषित मूल न्युमोनियाने दगावतं, त्यामागच्या कारणांत हा आकसलेला थायमसही असतो.

या ग्रंथीचं काम १९६१पर्यंत कुणालाच कळलेलं नव्हतं. मोठ्या उंदरांचा थायमस काढला तर त्यांना फारसं काही होत नसे, म्हणून तो निरुपयोगी अवशेष मानला जाई. लंडनमध्ये उंदरांच्या रक्तकर्करोगावर काम करणाऱ्या जाक मिलर या तरुण डॉक्टरने तो नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचा काढला. ती पिल्लं काही आठवड्यांत खंगू लागली, त्यांच्या रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कमालीच्या घटल्या, आणि परक्या उंदराची कातडी लावली तर ती त्यांच्या अंगावर खुशाल टिकली. परक्याला परकं म्हणण्याची क्षमताच त्यांच्यात नव्हती. थायमसमध्ये तयार होणाऱ्या या पेशींना पुढे टी-पेशी हे नाव मिळालं.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. तुम्ही वाचलेल्या वर्णनात एक अडचण आहे. थायमसमध्ये कुठलीही पेशी काही शिकत नाही. प्रत्येक टी-पेशी कशाला चिकटणार हे ती थायमसच्या आत लहान असतानाच ठरून जातं आणि मग ते मरेपर्यंत बदलत नाही. थायमस फक्त ठरवतो की यातल्या कुणाला जगू द्यायचं. सहिष्णुता, म्हणजे आपल्याच शरीरावर हल्ला न करणं, हा अशा निवडीनंतर उरलेल्या समुदायाचा गुण आहे, एकेका पेशीने आत्मसात केलेला धडा नव्हे. हे लक्षात घेतलं की तुमच्या मुलीचा आजार समजणं खूप सोपं होतं.

टी-पेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राही असतो. त्याच्या साहाय्याने ती दुसऱ्या पेशीला चाचपते. त्या ग्राहीचं जनुक आपल्याला आईबापांकडून आयतं मिळत नाही; मिळतात ते त्याचे सुटे तुकडे. अस्थिमज्जेतून थायमसमध्ये आलेली प्रत्येक कोवळी पेशी हे तुकडे कापते, वाटेल तसे जोडते, आणि सांध्यावर काही अक्षरं घालते किंवा गाळते. या जुळणीला कुठलीही योजना नसते. अशा तऱ्हेने किती वेगवेगळे ग्राही होऊ शकतात याचा हिशेब दहाच्या पंधराव्या घातापर्यंत जातो. उद्या कुठला नवा विषाणू येईल हे शरीराला ठाऊक नसतं, म्हणून ते आधीच सगळ्या शक्यता तयार ठेवतं. या योजनाहीन जुळणीत काही ग्राही आपल्याच इन्सुलिनला, आपल्याच थायरॉइडला, आपल्याच मज्जातंतूंच्या आवरणाला घट्ट चिकटणारे निघणार, हे टाळता येत नाही. तसे ग्राही असलेल्या पेशी प्रत्येक माणसात, अगदी रोज जन्माला येत असतात.

टी-पेशी प्रथिनाला थेट हात लावत नाही. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे लहान तुकडे एचएलए नावाच्या रेणूंवर ठेवून बाहेर दाखवत असते, आणि टी-पेशी तो तुकडा व एचएलए मिळून होणारा आकार चाचपते. एचएलएचे प्रकार माणसागणिक वेगळे असतात. किडनी बसवण्याआधी दात्याशी जुळवून पाहतात ते हेच. म्हणून थायमसला दोन गोष्टी पाहाव्या लागतात. या पेशीचा ग्राही माझ्या घरच्या एचएलएशी थोडा तरी जुळतो का? आणि तो फारच घट्ट जुळत नाही ना?

घरी तांदूळ साफ करताना आधी सुपात पाखडतात, म्हणजे हलकी फोलपटं उडून जातात, आणि मग परातीत पसरून खडे वेचतात. थायमसमध्ये तसंच दोन टप्प्यांत चालतं. बाहेरच्या भागात, म्हणजे बाह्यकात, पहिला टप्पा होतो. ज्या पेशीचा ग्राही कुठल्याच घरच्या एचएलएला धरू शकत नाही, तिला जगण्याचा इशारा मिळत नाही आणि ती तीन-चार दिवसांत आपोआप मरते. बहुसंख्य पेशी इथेच संपतात. जी हलकेच धरते ती जगते आणि आतल्या भागात, गाभ्यात जाते. तिथे ती काही दिवस या पेशीपासून त्या पेशीपर्यंत फिरत चाचपणी करत राहते, आणि घरच्याच एखाद्या तुकड्याला घट्ट चिकटली तर तिला आत्मनाशाचा आदेश मिळतो. शेजारच्या भक्षक पेशी तिचे अवशेष गिळून टाकतात. तरुण उंदराच्या थायमसमध्ये दिवसाला सुमारे ५ कोटी नव्या पेशी तयार होतात आणि बाहेर पडतात फक्त १० ते २० लाख. शंभरातल्या दोन ते चार. इतकी नासाडी शरीरात दुसऱ्या क्वचितच कुठल्या अवयवात होत असेल, आणि ती सगळी आपल्याला स्वतःपासून वाचवण्यासाठी होते.

घट्ट चिकटणाऱ्या पेशी खरोखर मारल्या जातात हे १९८७मध्ये जॉन कॅपलर आणि फिलिपा मॅरॅक या दांपत्याने उंदरांत दाखवलं. त्याआधी तीसेक वर्षं हा केवळ तर्क होता.

पण यातून तुमचा प्रश्न अधिकच टोकदार होतो. गाभ्यात फिरणाऱ्या पेशीला थायमसमधली प्रथिनं भेटतील, रक्तातून वाहत येणारी भेटतील. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मात्र पोटात, डोळ्यातला पडदा डोळ्यात, दातावरचं इनॅमल बनवणाऱ्या पेशी जबड्यात. त्यांचे तुकडे छातीत येणार कुठून? कित्येक वर्षं शास्त्रज्ञांचं उत्तर होतं की ते येतच नाहीत, अशा अवयवांविषयीची सहिष्णुता बाहेर कुठेतरी तयार होत असावी.

ते उत्तर अपुरं निघालं. थायमसच्या गाभ्यात काही खास पेशी असतात, त्या स्वतःच इन्सुलिन बनवतात. थेंबभरही नाही, अगदी कणभर. रक्तातली साखर त्याने हलणार नाही. त्याच पेशींच्या समुदायात थायरॉइडचं प्रथिन, यकृताचं प्रथिन, डोळ्याच्या पडद्यातलं, जठरातलं, मज्जातंतूंचं अशी हजारो प्रथिनं कणाकणाने तयार होतात. हायडेलबर्गच्या ब्रुनो क्येव्स्की यांच्या गटाने २००१मध्ये याचं व्यवस्थित मोजमाप मांडलं. आता आपल्याला कळलंय की माणसाच्या किंवा उंदराच्या एकूण प्रथिन-जनुकांपैकी बहुतांश जनुकं या पेशींमध्ये मिळून कुठे ना कुठे चालू असतात. एका पेशीत मात्र त्यातली थोडीच. इन्सुलिन दाखवणारी पेशी शंभरात एक-दोन किंवा तीन एवढीच सापडते, म्हणूनच कोवळ्या टी-पेशीला बाहेर पडण्यापूर्वी अनेक पेशींकडे फिरावं लागतं. शेजारच्या डेंड्रायटिक पेशी ही प्रथिनं उचलून घेतात आणि आपल्याकडेही मांडतात, त्यामुळे गाठ पडण्याची शक्यता वाढते.

छातीतल्या एका ग्रंथीत पूर्ण शरीराचा नमुना मांडलेला असतो, ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी मलाच ती नव्याने थक्क करते. एकोणिसाव्या शतकातल्या शरीरशास्त्रज्ञांना सूक्ष्मदर्शकाखाली थायमसमध्ये स्नायूंसारख्या, त्वचेसारख्या दिसणाऱ्या पेशी आढळल्या होत्या. इथे स्नायू कशाला, हे त्यांना उमगलं नाही. २०२२मध्ये बॉस्टनच्या डायान मॅथिस आणि क्रिस्तोफ बेन्वा यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की थायमसमधल्या काही पेशी स्नायू, आतडं, फुप्फुस, त्वचा अशा अवयवांच्या पेशींचं जवळजवळ संपूर्ण सोंग घेतात.

हे घडवणाऱ्या प्रमुख प्रथिनाचं नाव एअर. जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर आहे. ते उंदराच्या प्रयोगातून सापडलेलं नाही, आजारी मुलांमुळे सापडलं. फिनलंडमध्ये साधारण २५,००० जणांत एकाला, सार्डिनिया बेटावर सुमारे १४,००० जणांत एकाला आणि इराणी ज्यू समाजात ९,००० जणांत एकाला असा एक आनुवंशिक आजार होतो. लहानपणी तोंडात बुरशीचा पांढरा थर येतो आणि जाता जात नाही. मग पॅराथायरॉइड ग्रंथी निकामी होते, कॅल्शियम घसरतं, झटके येतात. पुढे मूत्रपिंडांवरची अॅड्रिनल ग्रंथी जाते. काहींना टाइप १ डायबेटिस होतो, काहींचे केस जातात, काहींचं इनॅमल खराब असतं. एकाच मुलाच्या शरीरातले अवयव एकामागून एक स्वतःच्याच प्रतिकारशक्तीला बळी पडतात. १९९७मध्ये दोन संशोधन-गटांनी या आजाराचं मूळ असलेलं जनुक शोधलं. २००२मध्ये मॅथिस-बेन्वा यांच्या गटाने तेच जनुक उंदरांत बंद केलं तेव्हा थायमसच्या गाभ्यातून इन्सुलिनसह कितीतरी प्रथिनं गायब झाली, आणि त्या त्या अवयवांवर हल्ले सुरू झाले. पोटातल्या पेशींना हात न लावता, फक्त छातीतल्या ग्रंथीने त्यांचा नमुना दाखवायचं थांबवलं, एवढ्यावरच. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं याहून थेट उत्तर नाही.

या आजारातली बुरशी मात्र बरीच वर्षं कोड्यात टाकत होती. प्रतिकारशक्ती जादा आक्रमक असलेल्या मुलाला बुरशीचा संसर्ग का व्हावा? त्याचा उलगडा २०१०मध्ये झाला. बुरशीला आवर घालण्यासाठी आपलं शरीर इंटरल्युकिन-१७ आणि २२ ही निरोप्या प्रथिनं वापरतं, आणि ही मुलं त्यांच्याविरुद्धच अँटिबॉडी तयार करतात. म्हणजे संसर्गही स्वतःवरच्या हल्ल्यातूनच येतो. याच रुग्णांत इंटरफेरॉन या विषाणूंशी लढायला लागणाऱ्या प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडीही जवळपास सर्वांमध्ये असतात. ही जुनी माहिती २०२० साली अचानक कामी आली, कारण कोविडमुळे मरणासन्न झालेल्या रुग्णांपैकी सुमारे १० टक्क्यांच्या रक्तात तशाच अँटिबॉडी सापडल्या. इतर डॉक्टरांना इथे एक कळकळीची सूचना: मुलाच्या तोंडातली बुरशी वारंवार परतत असेल आणि कॅल्शियम कमी होऊन झटके आले असतील, तर दोन्हीवर वेगवेगळं औषध देऊन मोकळे होऊ नका. आपल्याकडेही असे रुग्ण नोंदले गेले आहेत. अॅड्रिनल निकामी होण्याआधी निदान झालं तर जीव वाचतो.

तुमच्या मुलीला हा आजार नाही. तिचं एअर जनुक बहुधा ठणठणीत आहे. मग तिच्यात काय झालं?

इथे प्रमाणाचा प्रश्न येतो. थायमस इन्सुलिन दाखवतो, पण किती दाखवतो हे सर्वांत सारखं नसतं. इन्सुलिनच्या जनुकाच्या अलीकडे एक भाग असतो, त्यात तीच अक्षरं पुन्हापुन्हा येतात. काहींत ही पुनरावृत्ती लांब असते, काहींत आखूड. लांब असणाऱ्यांच्या थायमसमध्ये इन्सुलिन दोन ते तीन पट जास्त बनतं, आणि त्यांना टाइप १ डायबेटिसचा धोका कमी असतो, हे १९९७मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं. आखूड प्रकार फार लोकांत असतो, ती काही विकृती नाही. फक्त कोवळ्या टी-पेशीची इन्सुलिनशी गाठ पडण्याची संधी थोडी घटते.

दुसरी गोष्ट एचएलएची. टाइप १ डायबेटिसच्या आनुवंशिक धोक्याचा सुमारे निम्मा भाग एचएलएच्या प्रकारांत आहे. धोक्याचे मानले जाणारे काही एचएलए रेणू इन्सुलिनचा एक ठरावीक तुकडा सैल धरतात. थायमसमध्ये तो तुकडा नीट बसलाच नाही, तर त्याला चिकटू शकणारी पेशी पकडली जात नाही आणि बाहेर पडते. स्वादुपिंडात इन्सुलिन प्रचंड असतं. तिथे सैल धरलेले तुकडेही संख्येने पुष्कळ होतात आणि त्याच पेशीला जाग येते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवताना कधीकधी त्याचा एक तुकडा दुसऱ्याच प्रथिनाच्या तुकड्याला जोडतात. असे जोडतुकडे जनुकात लिहिलेले नसतात, ते बीटा पेशीच्या आतच जन्मतात. २०१६मध्ये आजारी स्वादुपिंडातल्या टी-पेशी अशा जोडतुकड्यांना ओळखतात असं दिसून आलं. थायमसने कितीही काटेकोरपणे जनुकं वाचली तरी जे जनुकात नाहीच ते तो कसं दाखवणार? रुमॅटॉइड संधिवातातही असाच प्रकार असतो, तिथे सांध्यात प्रथिनांची रचना नंतर बदलते.

मग थायमस अधिक कडक का नाही? कारण कडकपणाची किंमत मोठी आहे. जंतूंच्या प्रथिनांचे तुकडे आणि आपले तुकडे पुष्कळदा सारखे दिसतात. आपल्याशी जराही जुळणारी प्रत्येक पेशी मारून टाकली तर जंतूंना ओळखणाऱ्याही मोठ्या संख्येने जातील, आणि मूल संसर्गाने जाईल. उत्क्रांतीने जो तोल साधलाय त्यात थोडी गळती धरलेलीच आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क डेव्हिस यांच्या प्रयोगशाळेने २०१५मध्ये पुरुषांच्या शरीरात असणाऱ्या, स्त्रियांत नसणाऱ्या एका प्रथिनाला ओळखणाऱ्या टी-पेशी मोजल्या. पुरुषांच्या रक्तात त्या जवळजवळ नसाव्यात अशी अपेक्षा. प्रत्यक्षात स्त्रियांच्या सुमारे एक तृतीयांश पेशी तिथे होत्या. इन्सुलिनला ओळखणाऱ्या टी-पेशी तुमच्या रक्तात असण्याची दाट शक्यता आहे, माझ्याही. डायबेटिस मात्र आपल्याला झालेला नाही.

तो का झालेला नाही, याचं उत्तरही थायमसमधूनच निघतं. १९६९मध्ये जपानच्या नागोयातल्या एका कर्करोग संस्थेत निशिझुका आणि साकाकुरा यांनी उंदरांच्या पिल्लांचा थायमस जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढला. मिलर यांच्यासारखी लिम्फोसाइट नसलेली पिल्लं त्यांना मिळाली नाहीत. उलट त्या माद्यांची अंडाशयं नष्ट झाली, आणि हा नाश स्वतःच्याच टी-पेशींमुळे होत होता हे पुढे कळलं. तीन दिवसांचा फरक आणि परिणाम अगदी उलटा: आधी प्रतिकारशक्ती नाहीशी, नंतर स्वतःवर हल्ला. शिमोन साकागुची यांनी हे कोडं सोडलं नाही. पहिल्या दिवसांत थायमसमधून हल्ला करू शकणाऱ्या पेशी आधी बाहेर पडतात, आणि त्यांना आवरणाऱ्या पेशी थोड्या मागाहून. तिसऱ्या दिवशी थायमस काढला की आवरणाऱ्या बाहेर पडतच नाहीत. १९९५मध्ये त्यांनी या नियामक टी-पेशी ओळखून दाखवल्या.

थायमसमध्ये आपल्या तुकड्याला जरा जास्त चिकटणाऱ्या सगळ्याच पेशी मारल्या जात नाहीत, हे त्यातून समजलं. काहींना वेगळं काम मिळतं: त्या बाहेर जाऊन त्याच तुकड्याच्या आसपास इतर टी-पेशींना शांत ठेवतात. यासाठी त्यांना फॉक्सपी३ नावाचं जनुक लागतं. मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१मध्ये ते शोधलं, आणि २०२५चं वैद्यकशास्त्राचं नोबेल साकागुचींसह या दोघांना मिळालं. फॉक्सपी३ बिघडलेले मुलगे जन्मानंतर काही आठवड्यांत डायबेटिस, न थांबणारे जुलाब आणि अंगभर इसब घेऊन येतात. त्यांची निवड-प्रक्रिया शाबूत असते, आवरणाऱ्या पेशी नसतात. इतक्या लहान बाळाला डायबेटिस होतो तेव्हा मी आधी एका जनुकाचा दोष शोधतो.

आता तुमच्या मुलीचं चित्र जुळवता येईल. थायमसमधून इन्सुलिनला ओळखणाऱ्या काही पेशी निसटल्या, जशा सगळ्यांच्या निसटतात, कदाचित थोड्या जास्त. आवरणाऱ्या पेशींनी त्यांना काही काळ धरून ठेवलं. मग कशाने तरी तो तोल ढळला. विषाणूसंसर्गाचा यात हात असतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसतं, एन्टेरोव्हायरसचा संबंध त्यात सर्वांत ठळक आहे. लक्षणं दिसण्याच्या महिने-वर्षं आधीपासून हे चालू होतं, त्यामुळे तहान वाढली त्या आठवड्यात तुम्ही काय केलं याचा याच्याशी संबंध नाही.

नशिबाचा वाटा किती मोठा आहे हे जुळ्यांत दिसतं. एकाच गर्भातून विभागलेल्या जुळ्यांची जनुकं एकसारखी, घर एक, ताट एक. तरी एकाला टाइप १ डायबेटिस झाला की दुसऱ्याला होतोच असं नाही, झाला तरी कधीकधी दशकांनी होतो. ग्राहीचे तुकडे प्रत्येकाच्या थायमसमध्ये वेगळे जुळतात. दोन जुळ्यांचे टी-पेशींचे संच कधीच सारखे नसतात. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९८०च्या दशकात डेव्हिड सदरलँड यांनी अशा निरोगी जुळ्याच्या स्वादुपिंडाचा भाग त्याच्या डायबेटिस असलेल्या भावंडाला बसवला. जनुकं तीच असल्याने अवयव परका ठरणार नव्हता, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली नाहीत. अवयव परका ठरला नाहीच. तरी काही आठवड्यांत फक्त त्यातल्या बीटा पेशी वेचून मारल्या गेल्या. दात्याच्या शरीरात त्याच पेशी मजेत जगत होत्या.

या प्रयोगातून तुमच्यासाठी एक व्यावहारिक गोष्ट निघते. हल्ला करणाऱ्या पेशी आता थायमसमध्ये नाहीत, त्या बाहेर आहेत आणि स्मृतिपेशी होऊन वर्षानुवर्षं टिकणार आहेत. त्यामुळे आज थायमसला बळ देण्याचा दावा करणारी चूर्णं, थेंब, छातीवर टकटक करण्याचे व्यायाम यांनी तिच्या आजारात फरक पडणार नाही. ‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोष्टींवर पैसे घालवू नका. तो पैसा साखर तपासण्याच्या पट्ट्यांना किंवा सेन्सरला लागेल.

ज्या कुटुंबात एकाला हा आजार आहे तिथे एकदा थायमसची गळती दिसली की इतर ठिकाणीही पाहायला हवं. मुलीची थायरॉइडची तपासणी आणि गव्हाची अॅलर्जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सीलिअॅक आजाराच्या अँटिबॉडी निदानाच्या सुमारास करून घ्या. सगळं ठीक असेल तर थायरॉइड एक-दोन वर्षांनी पुन्हा पाहावं, सीलिअॅकची तपासणी दोन आणि पाच वर्षांनी. धाकटं किंवा थोरलं भावंड असेल तर त्याला धोका साधारण ५ टक्के असतो, म्हणजे वीसपैकी एकोणीस भावंडांना हा आजार होत नाही. हे आकडे बव्हंशी पाश्चात्त्य देशांतले आहेत. भावंडाच्या रक्तात बीटा पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी पाहता येतात. अमेरिकेत नोव्हेंबर २०२२मध्ये टेप्लिझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. ते टी-पेशींवर काम करतं आणि अँटिबॉडी असलेल्या, साखर नुकतीच बिघडू लागलेल्या, ८ वर्षांवरच्या व्यक्तीत आजार सरासरी दोन वर्षं पुढे ढकलतं. तुमच्या मुलीचा आजार त्या टप्प्यापलीकडे गेला आहे, म्हणून तिच्यासाठी ते नाही.

तिच्या प्रतिकारशक्तीत काहीतरी मुळापासून बिघडलंय आणि प्रत्येक सर्दीला ती बळी पडेल, ही भीतीही पालकांना असते. तसं नाही. जंतूंशी लढणारी तिची यंत्रणा व्यवस्थित आहे, सगळ्या लसी वेळेवर द्या. ज्या मुलांना वारंवार गंभीर संसर्ग होतात त्यांचा मार्ग वेगळा. त्यांच्यासाठी मुंबईत परळच्या केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत तपासण्या होतात.

इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी तिची इन्सुलिनची गरज बहुधा अचानक घटेल, कदाचित खूपच घटेल. उरलेल्या बीटा पेशींना विश्रांती मिळते आणि त्या थोडा काळ पुन्हा काम करतात. नेमक्या याच काळात कुणीतरी ओळखीचं येऊन एखादं औषध सुचवतं, आणि साखर चांगली दिसल्यामुळे ते लागू पडल्यासारखं वाटतं. डोस डॉक्टरांना विचारून कमी करा, पण इन्सुलिन पूर्ण बंद करू नका. स्मृतिपेशी अजून तिथेच आहेत, काही महिन्यांत उरलेल्या बीटा पेशीही जातील. इन्सुलिन बंद करून बसलेलं मूल त्या वेळी उलट्या, पोटदुखी, खोल जलद श्वास आणि रक्तात वाढलेलं आम्ल घेऊन थेट आयसीयूत येतं. तिला उलट्या होत असतील आणि साखर २५०च्या वर असेल तर कीटोन, म्हणजे रक्तात साठणारं हेच आम्ल, तपासा, आणि ते वाढलेले असतील तर रात्र कितीही झालेली असो, तिला लगेच रुग्णालयात घेऊन जा.